गोलमामा

टेंभुर्णीच्या स्टँडवर उतरून वेल्डिंगवाल्या मामांचं घर विचारलं, तर समोरचा माणूस डोकं खाजवील. ‘गोलमामांचं घर’ म्हणालात, की टपरीवरचा पोऱ्या हातातला कप तसाच ठेवून दारापर्यंत सोडायला येईल. हे नाव पडायला दोन कारणं आहेत आणि दोन्ही लांबूनच दिसतात. एक, मामांचं पोट. दुसरं, दुकानाशेजारच्या मोकळ्या जागेत उभा असलेला, पांढरा रंग दिलेला लोखंडी पाइपांचा गोलपोस्ट. चोवीस फूट रुंद, आठ फूट उंच. अख्ख्या जाफराबाद तालुक्यात इतक्या बिनचूक मापाचं दुसरं बांधकाम दाखवा, असं मामांचं उघड आव्हान आहे.

या गोलपोस्टमध्ये आजवर फार थोडे गोल झाले. उन्हाळ्यात त्यावर गोधड्या वाळतात. गणपतीत मांडवाची पहिली दोरी त्यालाच बांधतात. निवडणुकीत एका खांबाला एका पक्षाचा बॅनर लागतो, दुसऱ्याला दुसऱ्याचा, आणि आडव्या पाइपावर कावळे बसून दोघांचं भाषण ऐकतात. एकदा कुणीतरी मध्ये म्हैस बांधली. मामा म्हणाले, “राहू द्या. आमच्या गोलकीपरापेक्षा हिनं जास्त आडवलं असतं.”

हे टेंभुर्णी माझं आजोळ. जालना जिल्ह्यातलं, जीवरेखा नदीच्या खोऱ्यातलं. कापूस, सोयाबीन, मका आणि नशीब असलं तर मोसंबी. पोरांच्या हातात टेनिस बॉल आणि फळी. अशा गावातला माणूस फुटबॉलच्या नादी लागला कसा, याचं उत्तर जवळजवळ पाचशे किलोमीटर लांब आहे.

आजोबांनी 1978 साली एक पत्र्याची ट्रंक आणि तुपाचा डबा देऊन मामांना कुस्ती शिकायला कोल्हापूरला धाडलं. मामा तेव्हा अठराचे. गावच्या जत्रेत नारळाची कुस्ती मारलेली, त्यामुळे आजोबांच्या डोळ्यांपुढं मामांच्या खांद्यावर गदा आत्ताच दिसत होती. कोल्हापुरात पहिलाच प्रश्न आला, “गाव कंचं?” मामा म्हणाले, “टेंभुर्णी.” समोरचा म्हणाला, “म्हंजे उजनीजवळचं!” आता टेंभुर्णी म्हणजे विडीच्या पानाचं झाड, ते जिथं जिथं माजलं तिथल्या गावांनी त्याचं नाव घेतलं. त्यातलं माढा तालुक्यातलं टेंभुर्णी पुणे-सोलापूर रस्त्यावर बसलेलं, म्हणून सगळ्यांच्या तोंडी. आमचं तसं कुणाच्या वाटेत येत नाही. मामांनी सुरुवातीला जालना, जाफराबाद, देऊळगाव राजा असं सगळं बोटांनी हवेत काढून दाखवलं. पंधरा दिवसांनी थकून ‘हो, उजनीजवळचंच’ म्हणू लागले. दुसऱ्याच्या गावाच्या नावावर ते अकरा वर्षं राहिले. मामांच्या आयुष्यातला हा पहिला पराभव, आणि त्यांच्या मते सगळ्यांत स्वस्तातला.

तालमीत दिवस बरे चालले होते. पहाटे मेहनत, गंगावेशीत म्हशीचं धारोष्ण दूध, संध्याकाळी पुन्हा माती. एक दिवस 1912 सालचं खासबाग मैदान डोळे भरून बघायला गेले. बाहेर पडले तर जवळच्या शाहू स्टेडियममधून आरडाओरडा ऐकू आला. बघू तरी काय चाललंय म्हणून मामा आत गेले, ते 1989 साली बाहेर आले.

कोल्हापूरबाहेरच्या वाचकाला इथं दोन शब्द सांगायला हवेत. बाकीच्या महाराष्ट्रात फुटबॉल हा चार वर्षांनी येणारा पाहुणा. विश्वचषक आला की तो हॉलमध्ये बसतो, गेला की कुणी विचारत नाही. कोल्हापुरात मात्र तो घरचा माणूस आहे. त्याच्याशी भांडणही रोजचं. संस्थानाच्या काळात राजघराण्यानं त्याला आसरा दिला, पेठांनी त्याला पोसलं. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, म्हणजे लोकांच्या तोंडचं ‘केएसए’, सामने भरवतं आणि रावणेश्वराच्या तळ्याच्या जागी झालेल्या त्या स्टेडियममध्ये अख्ख्या पेठा येऊन बसतात. संघांची नावंच पाहा: पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब. निम्म्याहून जास्त नावांत तालीम. सकाळी शड्डू ठोकणारी पोरं संध्याकाळी बुटांच्या नाड्या बांधायची. म्हणून तिथला फुटबॉल बघताना कधी कधी वाटतं, चेंडू उगाच मध्ये आलाय.

मामांचा संघ वरच्या यादीत नाही. तो कुठल्याच यादीत वर नव्हता. नाव विचारलं तर मामा सांगत नाहीत. म्हणतात, “हरलेल्याचं नाव चारचौघांत काढू नये, भाच्या. ती पोरं आता आजोबा झाली असतील. नातवंडांपुढं इज्जत हाय त्यांची.” ज्यांच्याकडून हरले त्यांचीही नावं ते घेत नाहीत. विशेषतः ज्या संघाला आपल्या संघानं एकदा गोल मारला, त्याचं तर नाहीच. “त्यांना उगाच लाज कशाला?”

एवढे नामांकित संघ सोडून हाच का धरला? मामांचं उत्तर सरळ आहे. पहिल्या दिवशी स्टेडियममध्ये शिरले तेव्हा सगळीकडं गर्दी होती, आणि एका कोपऱ्यात मात्र पायऱ्यांवर ऐसपैस जागा होती. तिथं जाऊन बसले. ती जागा रिकामी का होती, हे हाफ टाइमला कळलं. तोवर शेजारच्यानं शेंगदाण्याची पुडी पुढं केली होती आणि मामांनी त्यातले चार उचलले होते. “खाल्ल्या शेंगदाण्याला जागलो,” असं ते म्हणतात.

कुस्ती कधी सुटली ते मामांनाही सांगता येत नाही. सामन्याच्या दिवशी मेहनत बुडायची. हरल्यावर दुसऱ्या दिवशी मन लागत नसे म्हणून बुडायची. आणि संघ सारखाच हरत असल्यामुळं मन कधीच लागत नसे. कुस्ती सुटली, खुराक सुटला नाही. पोटाचा उगम तिथला. खुराक परवडावा म्हणून मामा उद्यमनगरात एका वर्कशॉपमध्ये लेथवर लागले, वेल्डिंग शिकले. घरी पत्र जायचं, ‘तब्येत उत्तम आहे, मेहनत चालू आहे.’ दोन्ही खरं होतं. मेहनत ओरडण्याची होती.

तेव्हाच्या दंग्याच्या गोष्टी मामांच्या तोंडून ऐकाव्यात. तिकीट कमी, माणसं जास्त. पेठेतून निघताना हलगी, परतताना ज्याच्या त्याच्या नशिबाप्रमाणं. अकरा वर्षांत मामांच्या अकरा कोल्हापुरी चपला गेल्या. अकरा जोड नव्हेत, अकरा चपला. आणि सगळ्या डाव्या पायाच्या, कारण पळायला लागलं की मामा आधी डावा पाय उचलतात. उजव्या पायाच्या अकराही त्यांनी जपून ठेवल्या होत्या. 1989 साली आजोबा थकले, शेत कोण बघणार म्हणून मामा परत आले. तेव्हा आजोबांनी मोठ्या आशेनं ट्रंक उघडली. गदा नव्हती. अकरा चपला होत्या, ओळीनं लावलेल्या. आजोबा पुढची दोन वर्षं मामांशी फक्त बैलांमार्फत बोलत.

हरणाऱ्या संघाच्या पाठीराख्याला मारही दुप्पट बसतो, हे मला मामांमुळं कळलं. जिंकणाऱ्या संघाच्या माणसाला समोरचे मारतात, तेवढंच. मामांना आधी समोरचे मारायचे, हरूनही ओरडतो म्हणून. मग आपले मारायचे, कारण समोरच्यानं सुरेख पास दिला की मामांच्या तोंडून ‘वा!’ निघून जायचं. मग पोलीस यायचे. “लाठीला पेठ कळत नाही,” मामा सांगतात, “त्या बाबतीत लाठीसारखा निःपक्षपाती रेफ्री मी बघितला नाही.”

अंगावरच्या खुणा म्हणजे मामांची नोंदवही. कोपरावरची खूण कॉर्नरची. नडगीवरचा वळ जादा वेळेतला. कपाळावरची अर्धचंद्राकृती खूण टायब्रेकरची. त्या टायब्रेकरचं वर्णन रंगात आलं, की आतून मामी म्हणतात, “कपाळावरची खूण लग्नानंतरची हाये. खळ्यावर घसरून पडले तव्हाची. मीच हळद लावली.” मामा जराही न डगमगता म्हणतात, “बरं, मग टायब्रेकरची पाठीवर असंल.” पाठ कुणी बघत नाही.

या सगळ्या गोष्टींत एकच गोष्ट मामा आवाज उतरवून सांगतात. 16 ऑगस्ट 1980 ला कलकत्त्यात ईडन गार्डन्सवर मोहन बागान आणि ईस्ट बंगालचा सामना होता. स्टँडमध्ये मारामारी पेटली, चेंगराचेंगरी झाली आणि खेळ बघायला गेलेली सोळा माणसं घरी परतली नाहीत. तालमीत पेपर आला. तिथल्या एका म्हाताऱ्या माणसानं बातमी मोठ्यानं वाचायला लावली आणि वाचून झाल्यावर एवढंच म्हणाला, “खिसे उलटे करा.” पोरांनी केले. सतरंजीवर दोन शेंगदाण्याच्या पुड्या पडल्या, एक अर्धा खाल्लेला पेरू आणि बाकी सगळे दगड. पुढच्या हंगामात दगड परत आले, हेही मामा लपवत नाहीत. पण त्यांच्या खिशात आले नाहीत. आजही कधी हुल्लडबाजीमुळं सामना थांबल्याची बातमी आली, की पेपरची घडी घालत म्हणतात, “पोरं नवीन हायत. दगड तेच.”

मामांकडं कात्रणांची एक फाइल आहे. पराभवाच्या बातमीची मराठी पत्रकारितेनं एक खास भाषा घडवली आहे, ती या फाइलीत संपूर्ण सापडते. ‘निकराची झुंज दिली.’ ‘सोप्या संधी दवडल्या.’ ‘चेंडू गोलखांबाला लागून बाहेर गेला.’ ‘दुसऱ्या सत्रात प्रतिकार क्षीण झाला.’ मामांना ही वाक्यं पाठ आहेत आणि ते ती संसारात वापरतात. पंचायतीच्या निवडणुकीत एकदा उभे राहिले आणि आपटले. मतमोजणीहून आले तेव्हा मामींनी विचारलं, काय झालं? म्हणाले, “निकराची झुंज दिली.” धाकट्या पोराला दहावीत गणितानं दगा दिला. “सोप्या संधी दवडल्या.” मोसंबीचा व्यापारी ठरलेल्या भावावरून फिरला. “दुसऱ्या सत्रात प्रतिकार क्षीण झाला.”

आठवणींचंही लोणच्यासारखं आहे, बरणीत ठेवल्या की मुरतात. मी लहान होतो तेव्हा एका सामन्यात मामांचा संघ सात-शून्य हरला होता. मी कॉलेजात गेलो तोवर तो पाच-शून्य हरला. माझ्या लग्नात पाहुण्यांना सांगताना तीन-शून्य झाला. मी हिशेब केला आहे. मामांना आणखी पंधरा वर्षं आयुष्य लाभलं तर तो सामना ते जिंकणार. प्रेक्षकांचं मात्र उलट. ते पाच हजारांवरून निघाले, आता तीस हजारांवर आले आहेत आणि बाहेर झाडांवर बसलेले वेगळे.

दरवर्षी 17 सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन झालं की गावकरी घाईनं पांगू लागतात, कारण मामा पुढं येतात. एकदा मी ते भाषण ऐकलंय. “मंडळी, 1948 साली निजाम गेला, पण हैदराबाद राज्य राहिलं. 1956 पर्यंत आपण त्याच राज्यात. आता ऐका. हैदराबाद सिटी पोलीस या संघानं मुंबईला जाऊन रोव्हर्स कप जिंकला. एकदा नव्हे, 1950 ते 1954 सलग पाच वर्षं. त्यांचे गुरू सय्यद अब्दुल रहीम. ह्याच माणसानं 1956 साली मेलबर्नच्या ऑलिंपिकात भारताला चौथ्या नंबरावर नेलं आणि 1962 साली जकार्ताच्या आशियाई खेळांत सोनं आणलं. म्हंजे रोव्हर्स कप कोणी जिंकला? कोणत्या राज्यानं? आपल्या!” तेवढ्यात मागून कुणीतरी विचारलं, “पण मामा, त्यात टेंभुर्णीचं कोण व्हतं?” मामा क्षणभर थांबले. “कुणी नव्हतं. मी तर जन्मलोही नव्हतो. म्हून तर जिंकले.”

जगाच्या फुटबॉलमध्येही त्यांनी आपला धर्म सोडला नाही. कोल्हापुरात विश्वचषकाच्या दिवसांत गल्लीच्या या टोकाला ब्राझीलचा झेंडा आणि त्या टोकाला अर्जेंटिनाचा. 1986 साली मॅराडोनानं तर अर्ध्या शहराला वेड लावलं. मामांनी चौकशी केली, वर्ल्ड कपच्या फायनलला जाऊन हमखास हरणारं कुणी आहे का? हॉलंडचं नाव निघालं. 1974 ला हरलेले, 1978 ला हरलेले. मामांनी तिथल्या तिथं हॉलंड धरलं, आणि 2010 साली हॉलंडनंही तिसऱ्यांदा फायनल हरून मामांचा शब्द खाली पडू दिला नाही. त्या रात्री नारिंगी सदरा घालून अंगणात बसलेले मामा पाहून शेजारीण मामींना म्हणाली, “काहून ओ, ह्यांनी संन्यास घेतला का?” मामी म्हणाल्या, “संन्यास घेतला असता तर सुटले असते मी.”

टेंभुर्णीत संघ काढायचा प्रयत्न मामांनी केला नाही असं नाही. गोलपोस्ट त्याचीच खूण. कोल्हापूरचा अनिकेत जाधव 2017 च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला, तेव्हा मामांच्या अंगात आलं. “बघा, मी म्हणत नव्हतो?” असं ते महिनाभर सगळ्यांना विचारत फिरले, ते काय म्हणत होते ते मात्र कुणाला आठवेना. स्वतःच्या पैशानं चेंडू आणला, अकरा पोरं गोळा केली. अकरावा भेटेना म्हणून पोस्टमनच्या पोराला डाकेसह उभं केलं.

आडवी आली ती आमची काळी माती. पावसाळ्यात चेंडूला ती अशी लपेटायची, की हाफ टाइमपर्यंत त्याचा भोपळा व्हायचा आणि लाथ मारणारा ‘आई गं’ करत बसायचा. हिवाळ्यात मैदानाच्या कडेच्या बाभळीचे काटे. चेंडू जेवढा वेळ खेळात, त्याहून जास्त वेळ पंक्चरच्या दुकानात. उन्हाळ्यात जमिनीला भेगा पडल्या. एकदा आमचा आघाडीपटू तिघांना चकवून थेट गोलसमोर आला, आणि चेंडू भेगेत अडकला. दोन्ही संघ खाली वाकून बघत बसले. नियमपुस्तकात भेगेचा उल्लेख नव्हता. मामांनी ‘ड्रॉप बॉल’ दिला. चेंडू आणखी आत गेला.

शेवटी शेजारच्या गावाशी एक सामना झाला. आमची पोरं सात-शून्य हरली. पोरं रडवेली होऊन बसली आणि मामांचा चेहरा मात्र लग्नघरासारखा फुललेला. प्रत्येकाच्या पाठीवर थाप मारत सांगत होते, “आता खरा संघ झाला, भावा! आता ह्याला पाठीराखा लागंल!” पुढच्या रविवारी पोरं टेनिस बॉल घेऊन क्रिकेटला गेली. पाठीराखा तेवढा उरला.

हसण्यावारी नेण्याजोगा माणूस म्हणून मीही बरीच वर्षं मामांकडं बघत होतो. मग 2012-13 चा दुष्काळ आला. जालना जिल्ह्यानं तेव्हा काय भोगलं ते मोसंबीवाल्यांना विचारावं. लेकरासारख्या वाढवलेल्या बागा लोकांनी कुऱ्हाड लावून तोडल्या. मामांची दीडशे झाडं होती. टँकरच्या पाण्यावर जमेल तेवढी धरली, बाकीची उभ्या उभ्या वाळली. मी भेटायला गेलो तेव्हा मामा बांधावर बसले होते, स्टेडियमच्या पायरीवर बसावं तसे, कोपरं गुडघ्यावर टेकून. मी काय बोलावं ते मला सुचेना. तेच म्हणाले, “चार-शून्य आहे. पण शिट्टी व्हायची हाये अजून. शिट्टीच्या आधी उठायचं नसतं.” त्या वर्षी आमच्या नात्यातली दोन घरं जमीन विकून शहरात गेली. मामा गेले नाहीत. मामी नंतर मला म्हणाल्या, “ह्यांना हरायची सवय हाये, बाळा. ज्यांना नव्हती ते उठून गेले.” मामींनी मामांचं केलेलं हे एकमेव कौतुक.

आता त्या गोलाविषयी. मामांच्या संघानं एका बलाढ्य संघाला एक गोल मारला होता. तो मामांनी मला किमान शंभर वेळा दाखवला आहे. जेवताना दाखवतात, कारण त्यासाठी वाट्या लागतात. आमटीची वाटी म्हणजे समोरचा उंच बचावपटू. चटणीची लहान वाटी म्हणजे आपला डाव्या बाजूचा पोरगा. लिंबाची फोड म्हणजे चेंडू. चटणीची वाटी ताटाच्या कडेनं सुटते, आमटीला हूल देते, भाताच्या ढिगाला वळसा घालते. “इथं त्यानं मान वर केली,” मामा म्हणतात, “आणि मला वाटलं माझ्याकडंच बघितलं.” मग डाव्या पायाच्या बाहेरच्या कडेनं टोला. गोलकीपरची बोटं चेंडूला घासतात, चेंडू खांबाच्या आतल्या बाजूला लागतो आणि जाळीत. लिंबाची फोड दर वेळी माझ्या ताटात येऊन पडते. आतून मामी ओरडतात, “ती वाटी वाढायची हाये!”

गेल्या वर्षी मामांच्या नातवाच्या जावळाला कोल्हापूरहून त्यांचे जुने दोस्त आले. शेंगदाण्याची पुडी पुढं करणारे तेच. पस्तीस वर्षांनी गाठ पडली. दोघांनी एकमेकांना अशा काही शिव्या दिल्या, की भटजी मंत्र थांबवून बघत राहिले आणि चार जाणती माणसं सोडवायला धावली. मग पंगत बसली, पाहुण्यांनी कोल्हापूरहून आणलेला तांबडा मसाला मामींनी भीत भीत वापरला होता, आणि मामांनी सवयीनं वाट्या मांडल्या.

पाहुण्यांनी निम्म्यापर्यंत ऐकून घेतलं. लिंबाची फोड आमटीच्या वाटीजवळ आली तेव्हा म्हणाले, “लेका, तू कुठं बघितलास त्यो गोल?”

मामांचा हात थांबला.

“तू पाठ फिरवून हुभा हुतास की! दहा मिनिटं आधीच्या ऑफसाइडवरनं मागच्या पायरीवरच्या चष्मेवाल्याबरोबर भांडत हुतास. गोल झाला, समद्यांनी तुला उचलला, आन् तू आमालाच इचारत हुतास, कुनी मारला, कुनी मारला म्हणून!”

पंगतीत हसू फुटलं. मामी पदर तोंडाला लावून आत गेल्या. मी मामांकडं बघितलं. त्यांनी लिंबाची फोड उचलली, भातावर पिळली आणि शांतपणे म्हणाले, “बघितला असता, तर एकदाच बघितला असता. बघितला नाही म्हणून चाळीस वर्षं बघतोय.”

यावर पाहुण्यांना उत्तर सुचलं नाही. खरं तर कुणालाच सुचलं नाही.

मला वाटलं होतं, आता तो गोल बंद झाला. दिवाळीत गेलो तेव्हा मुद्दाम विचारलं नाही. पण जेवायला बसलो आणि मामांनी वाट्या ओढल्या. आमटी, चटणी, भाताचा ढीग, लिंबू. सगळं जिथल्या तिथं. मग जरा विचार करून त्यांनी मामींकडून आणखी एक रिकामी वाटी मागून घेतली आणि ताटाच्या बाहेर, पाटाच्या कडेला पालथी घातली.

“ही कोण?” मी विचारलं.

“हा मी,” मामा म्हणाले, आणि चटणीची वाटी ताटाच्या कडेनं सुटली.

तो सामना मामांचा संघ चार-एक असा हरला होता.